क्रीटचे किनारे आणि भाड्याची पांडा

भाड्याची गाडी हातात आली की लोक एसी लावून बघतात, मी वाकून खाली बघतो. कोल्हापूरच्या उद्यमनगरात पंचवीस वर्षं दुसऱ्याच्या गाडीखाली झोपून काढली, ही खोड आता जायची नाही. क्रीटमधल्या हानिया शहराच्या विमानतळाबाहेर चावी देणारं पोरगं चक्रावलंच. त्याला वाटलं माझं काहीतरी पडलं.

गणपती झाले, गॅरेजला जरा उसंत मिळाली आणि जर्मनीत नोकरीला असलेल्या लेकीनं आम्हा दोघांना ग्रीसच्या क्रीट बेटावर बोलावून घेतलं. सहा दिवस, फियाट पांडा ही छोटी गाडी, विम्यासकट २६० युरो. मी इकडून ताराबाई पार्कातल्या आरटीओत हजार रुपये भरून इंटरनॅशनल परमिट काढून गेलो होतो, ते वर्षभर चालतं. पण काउंटरवर वेगळंच निघालं. गाडी ज्याच्या नावावर, क्रेडिट कार्डही त्याच्याच नावाचं पाहिजे, आणि माझ्याकडं डेबिट. मग कागदोपत्री मुख्य ड्रायव्हर लेक झाली आणि मी दुसरा, त्याचे जादा ३० युरो. बुकिंग करताना हे बारीक अक्षरात कुठंतरी असणार, पण पाचातला पहिला अर्धा गुण मी तिथंच कापला.

गाडी म्हणाल तर ठीक. मीटरला ४१ हजार, टायर चांगले, ब्रेक खणखणीत. क्लच मात्र पार वर पकडत होता, म्हणजे प्लेट झिजलेली. डिकीत स्टेपनी नाही, पंक्चरसाठी फेसाची बाटली आणि छोटा पंप. असल्या बाटलीवर आपला विश्वास नाही, पण गरज पडली नाही.

स्टिअरिंग डावीकडं, गिअर उजव्या हाताला, हे अर्ध्या तासात जमलं. इंडिकेटर काही दोन दिवस जमला नाही. आपल्याकडं तो उजव्या हाताला, तिथं डाव्या. प्रत्येक वळणावर कडकडीत उन्हात वायपर फिरायचे आणि मागनं बायको म्हणायची, "अहो, पाऊस कुठाय?"

क्षेत्रफळानं क्रीट आपल्या कोल्हापूर जिल्ह्यापेक्षा थोडंसंच मोठं, पण लांबी २६० किलोमीटर. पट्टीसारखं पसरलेलं. त्यामुळं सगळं बघायच्या नादाला लागायचं नाही. आम्ही पश्चिमेचं टोक धरलं. उत्तरेच्या मोठ्या रस्त्यावर एक रीत आहे: मागनं जोरात कोण आला की आपण उजवीकडच्या कडेच्या पट्ट्यावर अर्धी गाडी घालायची आणि त्याला वाट द्यायची. कायदा काय म्हणतो माहीत नाही, पण हॉर्न न वाजवता हे चालतं हे बघून मला हेवा वाटला.

पेट्रोलचं मात्र नीट ऐका. पंपावर ‘पेत्रेलेओ’ म्हणतात ते डिझेल! पेट्रोलला ‘वेन्झिनी’, आणि नळीवर ‘अमोलिव्दी’ म्हणजे बिनशिशाचं. पंपावर माणूस असतो, तो भरून देतो, पण आपण "पेट्रोल, पेट्रोल" करत बसलो तर घोटाळा व्हायला वेळ लागणार नाही. चुकून डिझेल भरलेल्या गाड्या मी किती रिकाम्या केल्यात, मला विचारा.

एलाफोनिसीच्या किनाऱ्याला हानियाहून साधारण ७५ किलोमीटर, पण घाटाचा रस्ता. तोपोलियाच्या घळीत एक बोगदा आहे, एका वेळी एकच गाडी जाईल एवढा, त्याला सिग्नल. पुढं ऑलिव्ह, चेस्टनटची झाडं, वळणावर बकऱ्या. तिघं बसलेले, एसी चालू, पांडा दुसऱ्या गिअरवरच चढली. करूळ घाट चढल्यासारखंच वाटलं, फक्त उसाचे ट्रक नव्हते. किनाऱ्यावर शिंपल्यांच्या चुऱ्यामुळं वाळूला गुलाबी झाक आहे. ती वाळू उचलून न्यायला बंदी. पाणी इतकं उथळ की समोरच्या बेटावर बायको साडी गुडघ्यापर्यंत खोचून चालत गेली. आमची चूक एवढीच की अकरा वाजता पोचलो. गाडी लावायला जागा मिळेना, वारा तोंडावर वाळू मारत होता. नऊच्या आत पोचा.

आता बालोसचा किनारा. कालिविआनी गाव सोडलं की डांबर संपतं आणि साधारण आठ किलोमीटर खडकाळ माती. आमच्या करारात स्पष्ट होतं: कच्च्या रस्त्यावर विमा नाही, टायर आणि गाडीचा तळ तर मुळीच नाही. डांबर संपलं तिथं मी उतरलो. गाडीखाली हात घातला. वीतभर जागा, आणि त्यात आमच्या तिघांचं वजन. दगड खालच्या तेलाच्या चेंबरला लागला की तेल गळतं, कळेपर्यंत इंजिन धरतं, म्हणजे जाम होतं. दाजीपूरच्या आतल्या वाटांवर जाऊन आलेल्या अशा गाड्या माझ्याकडं टोचन लावून येतात.

"पप्पा, सगळी जाताहेत की," लेक म्हणाली. खरंच, धुळीत आमच्यासारख्याच चार-पाच पांडा चालल्या होत्या.

"जाऊ देत. बिल त्यांना येऊ दे."

गाडी वळवली आणि फालासार्नाला गेलो. रस्ता डांबरी, किनारा लांबरुंद, सूर्य थेट समुद्रात बुडतो. बालोसला दुसऱ्या दिवशी किसामोसच्या बंदरातून बोटीनं गेलो. बोटीत बायकोला मळमळलं, त्याचं बोलणं मी अजून खातोय. सेइतान लिमानियाच्या किनाऱ्याचा रस्ता पक्का, पण उतार असा की येताना क्लचचा वास आला. वर गाडी लावून खाली पायी उतरावं लागतं. गुडघे दुखत असतील तर वरनंच बघा.

रात्री जेवलं की कुठल्याही खानावळीत राकीची, म्हणजे तिथल्या दारूची, बाटली फुकट येते. घाटात गाडी चालवायची म्हणून सहा दिवस मी तिच्याकडं नुसतं बघत होतो. मुख्य ड्रायव्हर बाईसाहेब मात्र पीत होत्या.

गाडी परत करताना काटा निम्म्यावर होता. घेताना पाव टाकीच होती. जादा पेट्रोलचे पैसे मिळत नाहीत म्हणाले. लिटरला दोन युरोच्या आतबाहेर भाव, म्हणजे चांगलाच फटका. त्याचा आणखी अर्धा गुण, आणि क्लचचा अर्धा. पाचपैकी साडेतीन.

निघताना त्या पोराला सांगितलं, क्लच प्लेट संपलीय, फार तर महिनाभर चालेल. त्यानं मान हलवली आणि बंपरचे फोटो काढत बसला.