अमेरिकेतला शॉर्ट-टर्म हेल्थ प्लॅन: स्वस्त, पण कशामुळे?

दोन नोकऱ्यांच्या मधल्या काळासाठी विकला जाणारा हा प्लॅन ओबामाकेअर या आरोग्य विमा कायद्याच्या अटींना बांधील नाही, म्हणून हप्ता कमी. पाय मोडला तर कामाचा. आधीपासूनचा मधुमेह, बाळंतपण सहसा वगळलेलं, औषधंही बऱ्याचदा.

खरी फसवणूक फोनवर होते. एजंट ‘पीपीओ (नेटवर्कबाहेरचे डॉक्टरही चालणारा विमा) आहे, सगळं कव्हर’ म्हणतो आणि हाती पडतं डिस्काउंट कार्ड (तो विमाच नव्हे!) किंवा दिवसाला ठरावीक रक्कम देणारी पॉलिसी. हॉस्पिटलचं उरलेलं बिल आपल्याच गळ्यात. ‘ऑफर आजपुरतीच’ ऐकलं की फोन ठेवावा. कंपनीचं कायदेशीर नाव आणि एजंटचा लायसन्स नंबर मागून राज्याच्या इन्शुरन्स विभागाच्या साइटवर तपासावा. पूर्ण पॉलिसी हातात येईपर्यंत क्रेडिट कार्डचा नंबर देऊ नये. आली की आधी एक्सक्लूजन्स (काय काय वगळलंय ते) वाचावीत.

मुळात महिनाभराच्या खंडाला हा प्लॅन लागतोच असं नाही. कोब्रा (जुन्या नोकरीचा विमा स्वतः पैसे भरून चालू ठेवायची सोय) निवडायला किमान 60 दिवस मिळतात आणि मागचे हप्ते भरले की कव्हर जुन्या तारखेपासून लागतं. नोकरीचा विमा गेल्यावर मार्केटप्लेसचं (ओबामाकेअरचे प्लॅन मिळतात त्या सरकारी बाजाराचं) दारही 60 दिवस उघडं असतं. शॉर्ट-टर्म प्लॅन संपला म्हणून ते पुन्हा उघडत नाही.