स्कूबा प्रशिक्षकांची गट विमा पॉलिसी: संरक्षण भक्कम, बिल धूसर

अमेरिकेत स्कूबा शिकवणाऱ्याने प्रशिक्षण संस्थेमार्फत मिळणारी व्यावसायिक दायित्वाची गट पॉलिसी घ्यावी का? जरूर घ्यावी. विद्यार्थी घाबरून श्वास रोखत वर आला आणि त्याचं फुफ्फुस फाटलं, तर नुकसानभरपाई दूरच, नुसती वकिलाची फीही एकट्या प्रशिक्षकाला झेपत नाही. तक्रार आहे ती बिलाबद्दल.

बिलावर बहुधा एकच रक्कम असते आणि तिच्या पोटात बरंच काही दडलेलं असतं. राज्यात परवाना नसलेल्या कंपनीकडून ब्रोकर विमा काढून देतो, तेव्हा 'सरप्लस लाइन्स' कर लागतो. कॅलिफोर्नियात तो 3 टक्के, शिवाय किरकोळ स्टॅम्पिंग फी, म्हणजे अशा पॉलिसीची कागदपत्रं तपासून नोंदवण्याचं शुल्क. समजा प्रीमियम 600 डॉलर आहे: कर झाला 18 डॉलर, स्टॅम्पिंग फी फार तर एखाद-दोन डॉलर. तरी 'कर व शुल्क' म्हणून 90 डॉलर लावले असतील, तर उरलेले 70 कोणाचे? ब्रोकरचे, गटाच्या व्यवस्थापनाचे, की पॉलिसी सुचवणाऱ्या संस्थेचे? हे लेखी विचारा. शुल्क घेणं हाच काही गुन्हा नाही. ते कर म्हणून दाखवलं का, सुचवणाऱ्याने आपला वाटा लपवला का, यावरून खटले उभे राहतात, आणि तिथे तुमच्याकडचं जुनं बिल आणि ईमेलच कामी येतात. अशा परवाना नसलेल्या कंपनीचं दिवाळं निघालं तर कॅलिफोर्नियाचा हमी निधी मदतीला येत नाही, हेही ब्रोकरने आधी सांगायला हवं.

आता खरी मेख. पॉलिसी 'क्लेम्स-मेड' आहे की 'ऑकरन्स'? पहिल्या प्रकारात दावा दाखल होताना पॉलिसी चालू असावी लागते, दुसऱ्यात अपघाताच्या दिवशी चालू असली की पुरे. कॅलिफोर्नियात इजेचा दावा करायला दोन वर्षं मिळतात, आणि अल्पवयीनासाठी ही मुदत सहसा अठरावं वर्ष पूर्ण झाल्यावर सुरू होते. म्हणजे दहा वर्षांच्या मुलाला शिकवताना झालेल्या अपघाताची नोटीस दहा वर्षांनीही येऊ शकते. तोवर शिकवणं सोडून क्लेम्स-मेड पॉलिसी बंद केली असेल आणि 'टेल' संरक्षण (पॉलिसी संपल्यावर येणाऱ्या दाव्यांसाठीचं) घेतलं नसेल, तर इतकी वर्षं भरलेले हप्ते वाया. पॉलिसी बदलतानाही 'रेट्रोअॅक्टिव्ह' तारीख, म्हणजे जिच्या आधीच्या घटनांना संरक्षण नसतं ती, जुनीच राहिली ना, ते पाहा. नव्या कंपनीने ती पुढे सरकवली, की मधले सगळे वर्ग उघड्यावर पडतात.

खटल्यातल्या बचावाचा खर्च पॉलिसीच्या कमाल भरपाईच्या मर्यादेच्या आत आहे की बाहेर, हेही वाचा. आत असेल तर वकिलाचं प्रत्येक बिल भरपाईच्या रकमेतून वजा होतं. शिवाय वर्षाच्या मध्ये पॉलिसी रद्द केली तर प्रीमियमचा काही भाग परत मिळतो, शुल्क बहुधा नाही. ही अट सही करण्यापूर्वीच मागून घ्या.