फुफ्फुसाच्या बीपीवर हर्बल कोर्स विकणाऱ्यांपासून सावध राहा, माझ्या मावशीच्या बाबतीत काय झालं ते वाचा

हे लिहायला घेतलं कारण परवा ओळखीतल्या अजून एका पेशंटच्या घरी तसाच फोन आला, तीच गोड भाषा आणि तीच पीडीएफ.

माझी मावशी सांगलीला असते, तिला पल्मनरी हायपरटेन्शन आहे. दंडाला पट्टा बांधून मोजतात ते बीपी नाही हे, हृदयाकडून फुफ्फुसात रक्त नेणाऱ्या नळ्यांमधलं प्रेशर वाढतं, मग हृदयाच्या उजव्या बाजूवर लोड येतो, जिना चढताना धाप लागते, पाय सुजतात. टॅडालाफिल आणि बोसेंटन या त्याच्यावरच्या गोळ्या चालू होत्या आणि ती बरी होती, सकाळची भाजी स्वतः आणायची.

काकांनी या आजारावरच्या हर्बल कोर्सच्या एका जाहिरातीवर नंबर टाकला आणि लगेच फोन सुरू. बोलणारी बाई काकांना दादा म्हणायची आणि मावशीला आई. तिने व्हॉट्सअॅपवर एक रिसर्च पेपर पाठवला आणि तो पेपर खरा होता हे मुद्दाम सांगते, कारण खरी मेख तिथेच आहे. बायकॅलिन म्हणून एक द्रव्य आहे, चिनी औषधात वापरतात त्या एका झाडाच्या मुळातलं, त्याने फुफ्फुसातलं प्रेशर उतरलं असं त्यात लिहिलंय. पण कोणाचं उतरलं तर उंदरांचं. आणि त्या उंदरांना हा आजार झाला कशाने तर मोनोक्रोटालिनचं इंजेक्शन देऊन, जे आपल्याकडच्या खुळखुळ्याच्या जातीतल्या झाडात सापडतं! म्हणजे आजार देणारं पण झाडातलंच. तरी ती बाई शेवटपर्यंत हेच म्हणत होती की झाडपाल्याचं आहे दादा, साइड इफेक्ट शून्य. जपानमध्ये पोटाच्या आजारासाठी चिंग-दाई नावाची वनस्पतीची निळी पावडर घेणाऱ्या काही जणांना हाच फुफ्फुसाचा आजार झाला होता, तिथल्या आरोग्य मंत्रालयाने 2016 मध्ये तशी सूचना काढली होती.

झाडातून औषध निघतच नाही असं माझं म्हणणं अजिबात नाही. हृदयाचं डिगॉक्सिन झाडातूनच आलंय. पण ते किती द्यायचं, कोणाला द्यायचं नाही हे माणसांवर तपासलंय, आणि या बायकॅलिन, हळदीतलं कर्क्युमिन वगैरेंचं या आजारासाठी बहुतेक काम अजून पेशी आणि उंदरांवरच झालंय.

सगळ्यात वाईट काय केलं सांगू? बोसेंटन घेणाऱ्याची दर महिन्याला लिव्हरची टेस्ट करावी लागते, हे डॉक्टरांनी आधीच सांगितलेलं असतं. त्या बाईने तेच उलटं फिरवलं, "बघा आई, लिव्हर खराब होतंय म्हणूनच टेस्ट करतात ना, आमचा कोर्स सुरू झाला की ती गोळी हळूहळू सोडायची." मावशी घाबरली आणि गोळी सोडली. कोर्सचे 24,500 रुपये काकांनी यूपीआयने एका माणसाच्या पर्सनल नंबरवर पाठवले.

नंतर त्यांच्याच कॅम्पमध्ये इको, म्हणजे हृदयाची सोनोग्राफी केली. फुफ्फुसातलं प्रेशर आधी 78 होतं ते 56 आलं, काका इतके खूश की पेढे आणले, आणि त्या लोकांनी लगेच दुसऱ्या कोर्सचे पैसे मागितले. पण मावशीला तर बाथरूमपर्यंत जाताना मध्ये बसावं लागत होतं, पायावर बोट दाबलं की खड्डा तसाच राहायचा. मी तिला घेऊन तिच्या मूळ हार्टच्या डॉक्टरांकडे गेले. त्यांनी मला स्क्रीनवर दाखवलं, इकोमध्ये प्रेशर थेट मोजत नाहीत, व्हॉल्व्हमधून मागे गळणाऱ्या रक्ताच्या वेगावरून अंदाज काढतात, आणि उजवं हृदय थकलं की ते जोरच लावू शकत नाही, मग वेग कमी, आकडा कमी. म्हणजे ज्या आकड्यावर पेढे वाटले तो आकडा हृदय हरत चाललंय म्हणून उतरला होता. हृदयावर किती ताण आहे ते दाखवणारी एनटी-प्रोबीएनपी नावाची रक्ताची टेस्ट केली, ती मात्र कितीतरी पटीने वाढलेली. मला तिथे बसून रडू आलं.

ॲडमिट करावं लागलं, सूज उतरायची इंजेक्शनं दिली, गोळ्या परत सुरू केल्या. आता घरी आहे, पण आधीसारखं चालता येत नाही.

बाटली नीट बघितली तर त्यावर 14 आकडी एफएसएसएआय नंबर, म्हणजे खाण्याच्या वस्तूचं लायसन्स, आयुर्वेदिक औषधाच्या लायसन्सचा नंबर कुठेच नाही. बॅच नंबर स्टिकरवर पेनाने लिहिलेला. पैसे परत मागितले तर "डिटॉक्समध्ये आधी असंच होतं" म्हणाले आणि मग ब्लॉक केलं. हार्टचा आजार किंवा बीपी बरं करतो अशी जाहिरात करायला 1954 च्या कायद्याने बंदी आहे, त्या जाहिरातीचा स्क्रीनशॉट, यूपीआयची पावती, बाटल्या सगळं लावून एफडीएकडे, म्हणजे अन्न व औषध प्रशासनाकडे तक्रार दिलीय आणि 1915 या ग्राहक हेल्पलाइनवर पण नोंदवलीय. तुमच्या घरात असा कोर्स चालू असेल तर बाटल्या फेकू नका, फोटो काढून ठेवा, आणि बंद केलेली गोळी परत कशी सुरू करायची ते आजच तुमच्या डॉक्टरांना विचारा, स्वतःच्या मनाने पूर्ण डोस सुरू करू नका.