‘ग्राँ प्री’, आठ महिन्यांनंतर

ऑक्टोबरात ग्लासगोतल्या एका जुन्या वस्तूंच्या दुकानात ही सीडी ३ पाउंडांना मिळाली. आता जून उजाडलाय. मधल्या आठ महिन्यांत ती किती वेळा वाजली याचा हिशोब नाही, पण घरातल्या तिघांनाही गाण्यांचा क्रम पाठ झालाय. एक गाणं संपलं की पुढचं सुरू व्हायच्या आधीच कुणीतरी गुणगुणायला लागतं.

अल्बम टीनेज फॅनक्लब या स्कॉटिश बँडचा, नाव ‘ग्राँ प्री’, साल १९९५. मुखपृष्ठावर शर्यतीची मोटार आहे आणि आत तेरा गाणी, सगळी मिळून जेमतेम चाळीस-बेचाळीस मिनिटांची. नाव आणि चित्र बघून मला वाटलं, आत काहीतरी सुसाट, गोंगाटी असणार. आत आहेत प्रेमाची, चुकामुकीची, मित्राला समजावण्याची गाणी. गिटार भरपूर आहे, पण घाई कुठेच नाही.

मी इथल्या एका रुग्णालयात फिजिओथेरपिस्ट आहे, मूळची सांगलीची. हा अल्बम मला सुचवला आमच्या वॉर्डातल्या एका ज्येष्ठ सहकाऱ्याने. ब्रिटपॉप, म्हणजे नव्वदच्या दशकातलं ब्रिटिश गिटार-पॉप, म्हटलं की ओएसिस आणि ब्लर हे दोन बँड, एवढंच मला ठाऊक होतं आणि तेवढं मी त्याला सांगितलं. तो स्वतः बेल्सहिलचा. म्हणाला, मग आमच्या गावची पोरं ऐक.

बेल्सहिल हे ग्लासगोच्या आग्नेयेला असलेलं कोळशाचं आणि पोलादाचं जुनं गाव. मँचेस्टर युनायटेड या फुटबॉल क्लबचे नामांकित व्यवस्थापक मॅट बझबी याच गावच्या परिसरात जन्मले. आणि याच गावाने ऐंशीच्या दशकात एकापाठोपाठ एक बँड दिले: सूप ड्रॅगन्स, बीएमएक्स बँडिट्स आणि १९८९ साली टीनेज फॅनक्लब. मुलं एकमेकांच्या बँडमध्ये ये-जा करायची. ‘ग्राँ प्री’वर ड्रम वाजवणारा पॉल क्विन आधी सूप ड्रॅगन्समध्ये होता आणि या बँडबरोबर हा त्याचा पहिलाच अल्बम. त्याने आणलेला फरक ऐकू येतो. आधीच्या अल्बमांवर गिटारींचा जाड, धूसर थर असायचा. इथे ठेका स्वच्छ आहे आणि त्याच्यावर बाकीचं सगळं नीट मांडून ठेवलंय.

आता खरं सांगते. पहिले तीन आठवडे मला हा अल्बम आवडला नाही. आवडला नाही म्हणजे खटकलाही नाही, नुसता निघून जायचा. चाली गोड, पण सगळ्या एकसारख्या. तीन जण गातात, पण कोण कुठला हे कळेना. शब्द इतके साधे की पहिल्या ‘अबाउट यू’ या गाण्यात तेच चार-दोन शब्द फिरून फिरून येतात. मी मनात पाच पैकी तीन गुण देऊन सीडी बाजूला ठेवली होती. तेव्हाच परीक्षण लिहिलं असतं तर ते चुकलं असतं. कारण पुढे जे घडलं ते गाण्यांत नव्हे, माझ्या कानात घडलं.

डिसेंबरातली गोष्ट. मी पोळ्या लाटत होते आणि दुसरं गाणं, ‘स्पार्कीज ड्रीम’, लागलं होतं. ध्रुवपद आलं तसं मी गुणगुणायला लागले. शेजारी नऊ वर्षांची लेकही गात होती. ती म्हणाली, “आई, तू वेगळंच गातेयस.” मला वाटलं माझा सूर सुटला. सीडी मागे घेतली, पुन्हा ऐकली. ती म्हणत होती ती चाल बरोबर होती. आणि मी म्हणत होते तेही त्याच गाण्यात होतं, मुख्य आवाजाच्या वर, पातळ, दुसऱ्या कुणाचं तरी. दोन महिने मी नकळत तेच ऐकत आले होते. आम्ही दोघींनी आपापलं धरून पुन्हा म्हटलं आणि दोन्ही आवाज एकमेकांत बसले तेव्हा अंगावर काटा आला. पोळी करपली.

ज्यांचे कान माझ्यासारखे भावगीतांवर आणि अभंगांवर तयार झालेत, त्यांना हे थोडं उलगडून सांगायला हवं. आपल्याकडे गाणं म्हणजे एक गळा. दोघं गायले तरी आळीपाळीने गातात नाहीतर एकच चाल एकत्र म्हणतात. मागे तानपुऱ्याचा सा अचल असतो आणि सगळा डोलारा त्या एका जमिनीवर उभा राहतो. इथे कॉर्ड, म्हणजे एकत्र वाजणाऱ्या सुरांचा जुडगा, बदलली की जमीनच सरकते. मग एक जण सा वर असताना दुसरा ग वर उभा राहतो, तिसरा आणखी वर जातो, आणि तिघंही एकाच वेळी तेच शब्द म्हणतात. आपला कान सवयीने सर्वात ठळक चाल पकडतो आणि बाकीच्यांना ‘मागचं काहीतरी’ समजून सोडून देतो. मी तेच करत होते. या अल्बमचा अर्धा जीव त्या मागच्या काहीतरीमध्ये आहे, आणि तीन आठवड्यांत तो माझ्या हाती लागला नाही यात गाणाऱ्यांचा दोष नव्हता.

त्यानंतर ‘अबाउट यू’ पुन्हा लावलं. ज्या पुनरुक्तीचा मला कंटाळा आला होता ती आता वेगळी वाटली. शब्द मोजकेच आहेत म्हणून लक्ष आवाजांकडे जातं. तेच वाक्य परत येतं तेव्हा त्याखालचा रंग बदललेला असतो. ख्यालाच्या बंदिशीतही शब्द दोनच ओळींचे असतात आणि त्याबद्दल आपण कधी तक्रार करत नाही.

टीनेज फॅनक्लबची घडण इतर बँडांपेक्षा वेगळी आहे. नॉर्मन ब्लेक, जेरार्ड लव्ह आणि रेमंड मॅकगिन्ली, तिघंही गाणी लिहितात. ज्याने लिहिलं तो गातो, बाकीचे दोघं त्याला आवाज देतात. ‘ग्राँ प्री’वर ब्लेकची पाच, लव्हची चार, मॅकगिन्लीची चार. एक पुढारी आणि बाकी साथीदार असं नाही. तिघांचे आवाज ओळखायला मला जानेवारी उजाडला. ब्लेकचा उबदार, मोकळा. लव्हचा थोडा पोरसवदा, वाऱ्यावर निघाल्यासारखा. मॅकगिन्लीचा संकोची, वाक्य संपताना मागे सरणारा. तिघांतला एकही मोठा गवई नाही. एकट्याने गायलेली ओळ किंचित कच्चीही वाटते, आणि दुसरा आवाज येऊन खाली हात देतो.

लव्हची गाणी लेकीची सर्वात लाडकी. ‘स्पार्कीज ड्रीम’मध्ये तो म्हणतो की ती अंतराळात राहत असती तर मी विमान बांधलं असतं. ‘डोन्ट लुक बॅक’मध्ये तिला घरी सोडण्यासाठी गाडी चोरायची तयारी आहे. वाचताना बालिश वाटेल. गाताना तो ते इतक्या सरळपणे म्हणतो की विश्वास बसतो. मॅकगिन्लीचं ‘व्हेरिसिमिलिट्यूड’, म्हणजे सत्याभास, हे गाणं मात्र थेट सांगतं की मला हा खऱ्याचा आव आवडत नाही. खरं वाटेल असं काही रचून सांगण्यापेक्षा साधं बोलावं, हे त्या गाण्यात आहे आणि सगळा अल्बम तसाच वागतो. ‘नील युंग’ या नावात गायक नील यंग आणि मानसशास्त्रज्ञ युंग यांची सांगड आहे. त्याच्या शेवटची गिटार मला सुरुवातीला लांबण वाटायची. आता ती मधेच कापली तर मी भांडेन.

‘मेलो डाउट’बद्दल वेगळं सांगायला हवं. हे ब्लेकचं, बहुतेक साध्या लाकडी गिटारवर पेललेलं गाणं, आणि मधे जिथे गिटारचा तुकडा यायचा तिथे चक्क शिट्टी येते. चाल हसरी आणि शब्द दुखरे आहेत. लेकीने ती शिट्टी बसवली आणि सांगलीला व्हिडिओ कॉलवर आजीला ऐकवली. आजी म्हणाली, “तिन्हीसांजेला घरात शिट्टी नको गं, साप येतो.” लेकीने सांगितलं की इथे अजून दुपार आहे. मग आजीने पुन्हा वाजवायला सांगितली, आणि तिसऱ्यांदाही. माझ्या आईला इंग्रजी येत नाही. तिने विचारलं, “कोण गेलंय त्याचं?” तिने बरोबर ओळखलं होतं.

मार्चमध्ये एका रविवारी मी ग्लासगो सेंट्रलहून बेल्सहिलची गाडी पकडली. पोचायला अर्धा तासही लागत नाही. अडिंग्स्टन मागे पडलं की आलंच. कानात हेच लावलं होतं. बघायला खास असं काही नाही: दगडी घरं, बसथांबा, पाऊस. पण या गावातल्या मुलांनी कॅलिफोर्नियाच्या बीच बॉइज आणि बर्ड्स, मेम्फिसच्या बिग स्टार या बँडांकडून उन्हातले सूर उचलले आणि या आभाळाखाली आणून गायले, हे तिथे उभं राहिल्यावर कळलं. ऊन परक्या देशातलं आहे, म्हणून त्या गोडव्यात एक कळ आहे. ही माझी समजूत आहे. मीही घरापासून लांब आहे, त्यामुळे असेल.

इतकं चांगलं असून हे मागे का राहिलं? पूर्ण अपयशी झालं असं नाही. ब्रिटनच्या विक्रीच्या यादीत अल्बम सातव्या क्रमांकावर पोचला होता. पण यातून तीन गाणी स्वतंत्र निघाली आणि तिन्हींपैकी एकही पहिल्या तिसात आलं नाही. १९९५चा उन्हाळा आठवा. १४ ऑगस्टला ब्लर आणि ओएसिसने एकाच दिवशी आपापली गाणी काढली, आठवड्यात ब्लरच्या सुमारे २,७४,००० प्रती गेल्या आणि ओएसिसच्या २,१६,०००, आणि ही गोष्ट बातम्यांत पोचली. त्या भांडणात कुणाचा तरी पक्ष घ्यायचा होता, उत्तर की दक्षिण, कामगार की मध्यमवर्ग. टीनेज फॅनक्लब कुठल्याच पक्षात बसत नव्हते. ते स्कॉटलंडचे होते आणि झेंडे नाचवण्यात त्यांना रस नव्हता. त्यात त्यांची कंपनी क्रिएशन, म्हणजे ओएसिसचीच. एका छपराखाली इतकं मोठं वादळ असताना शांत माणसांकडे कोण बघणार? आधीचा ‘थर्टीन’ हा १९९३चा अल्बम समीक्षकांना रुचला नव्हता, तेही होतंच. अवघ्या चार वर्षांपूर्वी, १९९१ साली, अमेरिकेतल्या ‘स्पिन’ मासिकाने त्यांचा ‘बँडवॅगनेस्क’ वर्षातला सर्वोत्तम अल्बम ठरवला होता, तोही निर्वाणा या बँडच्या गाजलेल्या ‘नेव्हरमाइंड’च्या वर. त्या उंचीवरून खाली आलेल्यांनी दमदार काम केलं तरी लोकांनी फारसं वळून पाहिलं नाही. याचं मला मनापासून वाईट वाटतं.

ध्वनीबद्दल. अल्बमचं ध्वनिमुद्रण ऑक्सफर्डशायरमधल्या ‘द मॅनर’ या स्टुडिओत झालं. हे खेड्यातलं जुनं मोठं घर, १९७१ साली व्हर्जिन कंपनीच्या रिचर्ड ब्रॅन्सनने घेतलेलं. माइक ओल्डफील्डचा ‘ट्यूब्युलर बेल्स’ हा अल्बम तिथलाच. १९९५च्या एप्रिलमध्ये, म्हणजे हा अल्बम बाजारात यायच्या जरा आधी, तो स्टुडिओ बंद झाला. बँडबरोबर निर्मितीला डेव्हिड बियांको होते. १९९५चीच सीडी असूनही आवाज कर्कश नाही, गिटारींमध्ये हवा आहे. मी फोनवरून स्वस्त इअरफोननेही ऐकते आणि घरच्या जुन्या स्पीकरवरही. स्पीकरवर, थोडं लांब बसून ऐकलं की तीन आवाज जास्त सुटे होतात. २०१८ साली याची नव्याने मास्टर केलेली तबकडी आली आहे. जुन्या सीडीवर मी समाधानी असल्यामुळे ती घेतलेली नाही.

उणिवाही सांगते, आठ महिन्यांनंतरही त्या तशाच आहेत. ‘टिअर्स’नंतर अल्बम थोडा सैल पडतो. ‘से नो’ आणि ‘आय गॉटा नो’ ही दोन्ही मॅकगिन्लीची गाणी मला अजून पकडत नाहीत. चाली वाईट नाहीत, पण त्या पहिल्या सहांच्या शेजारी ठेवल्या की फिक्या दिसतात. शेवटचं ‘हार्डकोर/बॅलड’ नावाप्रमाणे सुरुवातीला काही क्षण आदळआपट करतं आणि मग एकदम हळू होतं. रात्री ऐकत असाल तर हात आवाजाच्या बटणापाशी ठेवा, आमच्याकडे लेक दोनदा दचकून उठलीय. आणि गाडी चालवताना जोश हवा असेल, सगळ्यांनी मिळून ओरडून म्हणायचं असेल, तर ओएसिसच लावा. यात तशी जागा नाही.

पहिल्यांदा ऐकणार असाल तर सगळा अल्बम एका दमात लावू नका. ‘स्पार्कीज ड्रीम’ घ्या, आठवडाभर तेवढंच ऐका, आणि ध्रुवपदात मुख्य चाल सोडून तिच्या वरचा आवाज शोधा. सापडला की तो म्हणा आणि घरातल्या कुणाला तरी मूळ चाल म्हणायला लावा. मग ‘मेलो डाउट’, मग ‘डोन्ट लुक बॅक’.

जेरार्ड लव्हने २०१८ साली बँड सोडला. त्यामुळे हे तिघं एकत्र गाताना मला प्रत्यक्ष ऐकायला मिळणार नाहीत, ग्लासगोत राहूनही. वॉर्डातला तो सहकारी मे महिन्यात निवृत्त झाला. त्याच्या शेवटच्या दिवशी चहाच्या खोलीत मी त्याला म्हटलं, तुझ्या गावच्या पोरांचं ‘स्पार्कीज ड्रीम’ म्हण. त्याने खालची चाल धरली. मी वरची.