लॅपटॉपचा प्रोसेसर बदलून देतो म्हणणाऱ्यांपासून सावध राहा

प्रोसेसर ६,८००, मजुरी ७००, थर्मल पेस्ट ३५०. एकूण ७,८५० रुपये. त्यातले ५,००० जीपेने, २,८५० रोख, कारण 'बिल केलं तर जीएसटी पडेल' असं दुकानदार म्हणाला. मुंबईत लॅमिंग्टन रोडवरच्या एका दुकानात एवढे पैसे मोजून आलो आणि लॅपटॉपच्या आतलं काहीही बदललेलं नाही.

लॅपटॉप मुलीचा, २०१५ चा, प्रोसेसर आय५-५२००यू. ऑटोकॅड (ड्रॉइंगचं सॉफ्टवेअर) उघडलं की अडकतो. तिचं शेवटचं वर्ष आहे, नवीन घ्यायला आत्ता पैसे नाहीत. "काका, चार कोअरचा आय७ बसवतो, पाऊण तास बसा," म्हणत तो लॅपटॉप घेऊन आत गेला. (लॅपटॉप नजरेआड होऊच देऊ नका!) कोअर म्हणजे प्रोसेसरमधला प्रत्यक्ष काम करणारा भाग. मी भोळेपणाने नाही गेलो. शेजाऱ्यांनी त्यांच्या थिंकपॅड टी४४०पीचा प्रोसेसर घरी बदललेला मी स्वतः पाहिला होता. पण त्यात सॉकेट असतो, म्हणजे प्रोसेसर काढता-घालता येईल अशी खाच. नावाच्या शेवटी 'यू' असलेला प्रोसेसर बोर्डावर सोल्डर केलेला, म्हणजे कायमचा डाग देऊन जोडलेला असतो, हे मला कोणी सांगितलं नव्हतं.

बाहेर आल्यावर त्याने सिस्टिमची माहिती उघडून दाखवली: आय७-४७१०एमक्यू. वर नवा स्टिकर. मीच म्हटलं, टास्क मॅनेजर दाखव. तिथे स्पष्ट होतं, कोअर्स: २. मी बोट ठेवून विचारलं. "ड्रायव्हर अपडेट झाले की चार दिसतील." आणि मी गप्प बसलो. ड्रायव्हर म्हणजे नुसतं सॉफ्टवेअर, त्याने कोअर कसे वाढतील? पंख्याच्या जाळीत तीच जुनी धूळ होती, तीही मला दिसली होती. तिथेच पैसे द्यायचे थांबलो असतो तर!

घरी मुलीच्या मित्राने सीपीयू-झेड चालवलं, म्हणजे प्रोसेसरची खरी ओळख थेट चिपमधून वाचणारं सॉफ्टवेअर. आय५-५२००यू. विंडोज सुरू होताना रजिस्ट्रीतलं (विंडोजच्या आतल्या नोंदींमधलं) प्रोसेसरचं नाव बदलणारी स्क्रिप्ट, म्हणजे छोटा प्रोग्राम, टाकून ठेवली होती, बस्स. पैसे देण्याआधी सीपीयू-झेड तिथेच, स्वतः चालवा.

दुकानदार ओळखच दाखवेना. पोलीस चौकीत दोन तास बसवलं, मग "बिल कुठंय? ही दिवाणी बाब आहे, इथे नाही." दुसऱ्या दिवशी गेलो तर "साहेब बंदोबस्ताला". तिसऱ्यांदा गेल्यावर एकाने तोंडावर विचारलं, "एवढ्याशा रकमेसाठी कशाला फिरता?" एवढीशी? त्यात मुलीसाठी चांगला एसएसडी (वेगवान डिस्क) आला असता, आणि लॅपटॉप खरंच सुधारला असता. तक्रार अर्जाची पोचसुद्धा दिली नाही. पोच मागाच, भांडून घ्या.

आता जिल्हा ग्राहक आयोगात जातोय. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला तिथे फी नाही. जीपेची नोंद आणि स्क्रीनशॉट जोडले आहेत. रोख दिलेल्या २,८५० चा कसलाच पुरावा माझ्याकडे नाही.