सेल्फ चेकआउटचा अनुभव : रॅकवर एक भाव, स्क्रीनवर दुसरा

पुण्यात आमच्या भागातल्या एका मोठ्या सुपरमार्केटमध्ये गेल्या दिवाळीच्या तोंडावर सेल्फ चेकआउटची, म्हणजे गिऱ्हाइकाने स्वतःच वस्तू स्कॅन करून बिल करायची मशीन्स बसली. तेव्हापासून महिन्याचं वाणसामान आणि मधलीअधली खरेदी, दोन्हींचं बिल मी बहुतेक वेळा तिथेच करते. दुकानाचं नाव लिहीत नाही, कारण थोड्याफार फरकाने हेच चित्र मला इतर दुकानांतही दिसलं. मशीन मला आवडलं आहे, हे आधीच सांगते. राग आहे तो भावांच्या गोंधळावर, आणि तो गोंधळ निस्तरायचं काम न सांगता गिऱ्हाइकाच्या गळ्यात घातलंय त्यावर.

मशीनचा सगळ्यात मोठा फायदा माझ्या लेखी वेळेचा नाही. स्क्रीन आपल्याकडे तोंड करून असते, हा खरा फायदा. काउंटरवरचा मुलगा एकामागून एक वस्तू बीप करत जातो, आपण पिशवी भरण्यात गुंतलेलो असतो आणि बिल हातात येतं तेव्हा मागे रांग खोळंबलेली असते. तिथे उभं राहून चाळीस ओळी कोण तपासणार? मशीनवर प्रत्येक वस्तूचा भाव स्कॅन करताक्षणी समोर येतो, आपल्या वेगाने बघता येतो. आणि बघायला लागलं की दिसतं, रॅकवरच्या पट्टीवर लिहिलेला भाव आणि इथे लागलेला भाव कितीतरी वेळा जुळत नाही.

तूरडाळीचं उदाहरण देते. रॅकवर किलोची पट्टी १४९ रुपयांची, ठळक पिवळी. स्क्रीनवर आले १६४. पाकिटावरची छापील किंमत २१०. मदतीला उभ्या असलेल्या ताईंना सांगितलं, त्या रॅकपर्यंत जाऊन आल्या आणि म्हणाल्या, ‘‘मॅडम, ऑफर काल संपली, पट्टी काढायची राहिलीय.’’ भाव बदलायचा अधिकार त्यांना नाही, म्हणून मॅनेजर आले. त्यांचं पहिलं वाक्य होतं, ‘‘एमआरपीपेक्षा कमीच लागलंय ना?’’ मी पट्टीचा फोटो दाखवल्यावर १४९ लावले, पण तोवर माझं मशीन अडकून पडलं होतं आणि मागचे लोक माझ्याकडे बघत होते.

हे होतं कसं, ते नीट समजून घ्यायला हवं. बारकोडमध्ये किंमत नसते. तो नुसता क्रमांक असतो. भारतीय कंपन्यांच्या मालावर बहुधा ८९० ने सुरू होणारा. किंमत असते दुकानाच्या कॉम्प्युटरमध्ये. ऑफरची मुदत संपली की कॉम्प्युटरमधला भाव आपोआप बदलतो, रॅकवरची कागदी पट्टी मात्र कुणीतरी हाताने काढावी लागते. नवी ऑफर सुरू होते तेव्हा पट्टी वेळेवर लागते, कारण ती जाहिरात असते. संपलेल्या ऑफरची पट्टी काढायची कुणालाच घाई नसते. मला सापडलेल्या बहुतेक फरकांमध्ये स्क्रीनवरचा भाव जास्त निघाला, त्याचं कारण माझ्या मते हेच आहे. कुणी मुद्दाम लबाडी करत असेल असं मी म्हणणार नाही. पण नुकसान दर वेळी एकाच बाजूचं होत असेल, तर ‘राहून गेलं’ एवढं सांगून भागत नाही.

छापील किमतीपेक्षा जास्त घेणं हा वैधमापनशास्त्र कायद्याखाली गुन्हा आहे, हे आता बहुतेकांना माहीत आहे. पण सुपरमार्केटमध्ये जवळजवळ सगळंच छापील किमतीच्या खाली विकलं जातं, त्यामुळे ती ढाल इथे उपयोगी पडत नाही. मॅनेजरांना मी एवढंच सांगितलं की मी वस्तू उचलली ती तुमच्या पट्टीवरचा भाव वाचून, पाकिटावरचा नाही. भावाबाबत लोकांची दिशाभूल करणं २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात अनुचित व्यापारी प्रथेत मोडतं, आणि ‘एमआरपीपेक्षा कमी’ हे त्याला उत्तर होत नाही.

दुसरा घोळ याहून वाईट. २२ सप्टेंबर २०२५ पासून जीएसटीचे दर बदलले. शाम्पू, टूथपेस्ट, साबण, केसांचं तेल अशा रोजच्या वस्तू १८ टक्क्यांवरून ५ टक्क्यांवर आल्या. जुना माल दुकानांत पडून होता, कंपन्यांना त्यावर सुधारित किमतीचं स्टिकर लावायची मुभा मिळाली. म्हणजे एकाच रॅकवर एकाच शाम्पूच्या दोन बाटल्या, एकीवर २३६ आणि दुसरीवर २१०. आणि बारकोड दोन्हींवर तोच! मग मशीन गिऱ्हाइकालाच विचारतं : एमआरपी निवडा. स्क्रीनवर दोन चौकोन येतात, जुनी किंमत पहिल्या चौकोनात. माझ्या शेजारच्या मशीनवर एका आजोबांनी सरळ पहिला चौकोन दाबला, कारण त्यांना वाटलं ‘पुढे’ जायला तेच दाबायचं असतं. बाटली माझ्या हाताच्या अंतरावर होती, स्टिकर २१० चं. मी सांगितल्यावर त्यांनी ओळ रद्द करायचा प्रयत्न केला, तर त्यासाठी पुन्हा ताईंचं कार्ड लागलं. दर कमी झाल्याचा फायदा गिऱ्हाइकाला मिळायचा, तो या दोन चौकोनांमध्ये अडकला. आणि हे त्या दिवाळीपुरतं नव्हतं. कंपनीने किंमत बदलली की आजही तेच दोन चौकोन येतात. दोन्ही किमती चालू असतील तर कमी असलेली वर दाखवा आणि ‘पाकिटावर बघून निवडा’ अशी एक ओळ मराठीत टाका. याला काय खर्च येतो?

आता तेल. काही वर्षांपूर्वी पाकिटांची ठरावीक वजनं पाळायचं बंधन गेलं आणि त्याऐवजी एककाचा भाव छापणं सक्तीचं झालं. एक किलोच्या आतल्या पाकिटावर तो दर ग्रॅमचा असतो, रुपयांत, दोन दशांश स्थळांपर्यंत. ऐकायला उत्तम. प्रत्यक्षात ७५० ग्रॅमची पिशवी १३० रुपयांना आणि ८५० ग्रॅमची १४१ रुपयांना असेल, तर दोन्हींवर छापलं जाईल ०.१७ रुपये प्रति ग्रॅम. किलोचा हिशोब करा : पहिली १७३ च्या वर, दुसरी १६६ च्या आत. सात रुपयांचा फरक त्या दोन दशांशांत गडप. तरी निदान पिशवी हातात असते तेव्हा वजन वाचता येतं. मशीनच्या स्क्रीनवर नुसतं ‘सोयाबीन तेल पाउच’ येतं, वजन नाहीच. रॅकवरच्या पट्टीवर आणि स्क्रीनवर दर किलोचा भाव दाखवला, तर निम्म्या तक्रारी संपतील असं मला मनापासून वाटतं.

भाजीबद्दल फार लिहीत नाही. वजन करून स्टिकर लावून घ्यायचं, ते स्कॅन होतं. या स्टिकरचा क्रमांक २ ने सुरू होतो आणि त्यात वजन किंवा रक्कम धरलेली असते, त्यामुळे इथे भावाची भानगड कमी. त्रास होतो तो पिशवी ठेवायच्या, स्कॅन केलेल्या मालाचं वजन ताडून बघणाऱ्या काट्याचा. कोथिंबिरीची जुडी त्याला जाणवत नाही आणि घरची कापडी पिशवी ठेवली की तो ‘अनोळखी वस्तू’ म्हणून लाल दिवा लावतो. घरून पिशवी आणणाऱ्यालाच अडवणारं मशीन महाराष्ट्रात चालवू नये. शिवाय पिशवी नसेल तर विकतची घ्यायची, आणि तिची किंमत कळते अगदी शेवटच्या स्क्रीनवर. आधी न सांगता बिलाच्या वेळी पिशवीचे पैसे लावणं ही अनुचित प्रथा आहे, असं राष्ट्रीय ग्राहक आयोगाने डिसेंबर २०२० मध्येच सांगितलेलं आहे. मोबाइल नंबरचंही तसंच. पहिल्याच स्क्रीनवर नंबर मागतात, ‘वगळा’ हे खाली कोपऱ्यात, फिकट अक्षरांत. नंबर दिला नाही तरी बिल होतं. मी देत नाही.

सगळ्यात जास्त खटकतं ते दारावर. स्वतः स्कॅन केलं, काट्याने वजन ताडून घेतलं, वर कॅमेरा आहे, पैसे यूपीआयने गेले. तरी दारावरचे काका बिल आणि पिशवी दोन्ही तपासतात. काकांचा दोष नाही, ते त्यांचं काम करतात. पण दुकानाची चुकीची पट्टी कुणी तपासत नाही आणि गिऱ्हाइकाची पिशवी मात्र दोनदा तपासली जाते, हे मला मान्य नाही.

आणि मशीन्स आली म्हणून माणसांचे काउंटर कमी केले, ते अजिबात करायला नको होतं. मशीन रोख घेत नाही. आमच्या सोसायटीतल्या काकू पेन्शनचे पैसे रोख काढून महिन्याचा हिशोब ठेवतात. त्यांना आता एकाच उघड्या काउंटरवर पूर्वीपेक्षा जास्त वेळ उभं राहावं लागतं. मदतीच्या ताई एकट्या सहा मशीन्सकडे धावत असतात आणि चिडलेल्या लोकांची बोलणी त्याच खातात. तिथे किमान दोघी हव्यात, आणि पट्टीप्रमाणे भाव लावायचा अधिकार त्यांच्याकडेच हवा.

दुकानात पहिला बारकोड स्कॅन झाला तो जून १९७४ मध्ये, अमेरिकेत ओहायो राज्यात, च्युइंगमच्या पाकिटावर. त्याच वर्षी पुण्यात बिंदुमाधव जोशींनी ग्राहक पंचायत सुरू केली. इतकी वर्षं ज्या शहरात ग्राहकाने जागं राहायचं सांगितलं गेलं, तिथल्या दुकानांकडून पट्टी आणि स्क्रीन जुळवण्याची अपेक्षा ठेवणं जास्त नाही.

वापरायचं असेल तर वापरा, मीही वापरत राहणार आहे. फक्त ऑफरच्या पट्टीचा फोटो रॅकपाशीच काढून ठेवा आणि पट्टीवर खाली बारीक अक्षरांत तारीख असते ती वाचा. फरक दिसला तर पैसे भरायच्या आधी बोला. एकदा पैसे गेले की परताव्याची वेगळी खिडकी आणि वेगळी रांग. दुकानाने ऐकलं नाही तर बिल आणि फोटो जपून ठेवून १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवा, मराठीतही करता येते. आणि महिन्याच्या पहिल्या शनिवार-रविवारी संध्याकाळी मशीनच्या वाटेला जाऊ नका, सकाळी दुकान उघडताना जा. तेव्हा ताई मोकळ्या असतात आणि रात्रीतून बदललेले भाव अजून पट्ट्यांवर आलेले नसतात, म्हणजे चूक पकडायचीही हीच वेळ.