दहा महिने हॉकर सेंटरच्या भरवशावर

भाडेकरारावर सही करताना घरमालकीणबाईंनी एकच अट घातली होती: "लाइट कुकिंग ओन्ली." म्हणजे नक्की काय, असं विचारल्यावर म्हणाल्या, पाणी उकळा, नूडल्स करा, अंडी उकडा. तेल तापवून त्यात काही टाकायचं नाही. बायको सोलापूरची, मी मालवणकडचा. फोडणीच नाही म्हटल्यावर आमच्या दोघांच्याही घरचा स्वयंपाक पहिल्या पायरीलाच संपला. ही अट सिंगापुरात सर्रास घालतात, हे नंतर कळलं.

तर गेले दहा महिने आम्ही हॉकर सेंटरवर जेवतोय. मेस लावल्यासारखे, रोज. इथे येण्याआधी मी जे जे वाचलं होतं त्यात फिरून फिरून तीच दहा नावं आणि त्याच लांबलचक रांगांचे फोटो. चार दिवसांसाठी येणाऱ्याला ते ठीक आहे. रोज जेवायचं असेल तर त्याचा काडीचा उपयोग नाही, म्हणून हे लिहितोय.

ज्यांनी पाहिलं नाही त्यांच्यासाठी थोडक्यात: वर छप्पर, बाजूंना भिंती नाहीत, डोक्यावर गरगरणारे पंखे, मधोमध जमिनीत पक्की केलेली टेबलं आणि कडेने एकेका खोलीएवढे गाळे. प्रत्येक गाळ्याला नंबर, आणि बहुतेक गाळ्यांवर एकच पदार्थ, फार तर दोन-तीन. असली सेंटरं देशभर शंभरावर आहेत. आमचं घर पश्चिमेकडे आहे आणि सेंटर ब्लॉकपासून चार मिनिटांवर. नाव मुद्दाम देत नाही. अंकलच्या रांगेत आणखी माणसं नकोत.

अंकल म्हणजे कॉफीवाले अंकल. इथे स्टॉलवरचा माणूस अंकल आणि बाई आंटी, मग वय काही असो, आपल्याकडच्या काका-मावशीसारखंच. यांचे वडील पूर्वी नदीकाठी हातगाडीवर कॉफी विकायचे. तपासनीस आले की गाडी ढकलत गल्लीत पळायचं, हे अंकलने मला हातवारे करून दाखवलं. दादर स्टेशनबाहेर "गाडी आली रे" अशी हाळी उठली की टोपल्या उचलून पळणारी माणसं लहानपणापासून पाहिली आहेत, त्यामुळे मला काही वेगळं समजावून सांगावं लागलं नाही. फरक पुढे पडला. सरकारने 1968-69 मध्ये या फेरीवाल्यांची नोंदणी केली, आणि 1971 ते 1986 या काळात नळ, गटार, वीज असलेली सेंटरं बांधून त्यांना रस्त्यावरून तिथे नेऊन बसवलं. अंकलचे वडील असेच गाडीवरून गाळ्यात आले. 2020 साली युनेस्कोने ही हॉकर संस्कृती आपल्या वारशाच्या यादीत घेतली. त्याचं पोस्टर अंकलच्या गाळ्यापासून हाकेच्या अंतरावर लागलंय. त्यांनी ते वाचलं असेल असं मला वाटत नाही.

आता पैशांचं. आमच्या सेंटरवर चिकन राइस साडेचार डॉलर (सगळे आकडे सिंगापूर डॉलरमध्ये), साधा प्राटा (इथला पराठा) दीड, चहा 1.60 (आम्ही आलो तेव्हा 1.40 होता). रेस्टॉरंटमध्ये मेनूवरच्या किमतीत 10 टक्के सर्व्हिस चार्ज आणि वर 9 टक्के जीएसटी चढतो, त्यामुळे बिल आलं की पोटात गोळा येतो. हॉकरवर पाटीवर लिहिलंय तेवढंच द्यायचं. दोघांचं बाहेरचं सगळं खाणं धरून महिन्याला साडेचारशे ते पाचशे डॉलर होतात. डॉलरला 65-70 रुपये धरले तर बत्तीस हजारांच्या आसपास. ऐकून आई गप्पच झाली होती. पण इथला पगार डॉलरमध्ये मोजायचा आणि जेवण रुपयांत, हे पहिल्या महिन्यानंतर मी सोडून दिलं. रोख थोडी जवळ असू द्या. क्यूआर कोड बहुतेक ठिकाणी चालतो, पण चांगलं खायला घालणाऱ्या दोन-तीन म्हाताऱ्यांकडे अजूनही फक्त रोखच चालते.

पहिल्या आठवड्यात झालेली फजिती. ऑफिस रॅफल्स प्लेसजवळ, म्हणून दुपारी अमॉय स्ट्रीटच्या सेंटरवर गेलो. साडेबारा वाजलेले, तोबा गर्दी, आणि मधोमध एक टेबल चक्क रिकामं. त्यावर टिश्यू पेपरचं एक पाकीट. मला वाटलं, सेंटरवाल्यांनी गिऱ्हाइकांसाठी ठेवलंय. काय सोय आहे! बसलो, नूडल्स खाल्ल्या, त्यातलेच दोन कागद काढून तोंड पुसलं. मान वर केली तर ट्रे घेऊन एक मुलगी उभी. काही बोलली नाही, नुसती पाकिटाकडे बघत राहिली. पाकीट तिचं होतं. जागा धरायची ही इथली रीत, तिला 'चोप करणं' म्हणतात. टिश्यू, छत्री, ऑफिसचं ओळखपत्र, काहीही ठेवा आणि रांगेला लागा. कोणी हात लावत नाही. आपल्याकडे माणसाला चोप देतात, इथे टेबलाला. लोकल सुटायच्या आत खिडकीतून रुमाल टाकून जागा धरणाऱ्या जमातीतला मी, मला हे न समजावं!

चहा-कॉफीची भाषा शिकायला महिना गेला. नुसतं 'कोपी' म्हणालात तर कन्डेन्स्ड मिल्क घातलेली घट्ट गोड कॉफी येते. 'कोपी-ओ' म्हणजे बिनदुधाची पण साखरेची. 'कोपी-सी' म्हणजे साखर आणि डब्यातलं आटवलेलं दूध. पुढे 'सिऊ दाय' जोडलं की साखर कमी, 'कोसोंग' म्हटलं की अजिबात नाही, 'गाऊ' म्हणजे कडक, 'पेंग' म्हणजे बर्फ घालून. कोपीच्या जागी 'तेह' म्हटलं की हेच सगळं चहाला लागू. माझी ऑर्डर 'तेह-सी सिऊ दाय गाऊ'. घडाघडा म्हणायला जमलं त्या दिवशी अंकलने पहिल्यांदा मान वर करून माझ्याकडे पाहिलं. कॉफी लांब कापडी पिशवीतून गाळतात, तिला इथे 'सॉक', म्हणजे पायमोजा, म्हणतात. आपल्या टपरीवरचं काळं पडलेलं चहाचं फडकं आठवा, तेच लांब दांडीला बांधलेलं. आता मी फळविक्याच्या गाळ्यापर्यंत पोचलो की अंकलचा हात किटलीकडे जातो. बदल हवा असेल तर लांबूनच ओरडावं लागतं.

रोजच्या जेवणासाठी मात्र माझं मत इकॉनॉमी राइसला. ही इथली राइस प्लेट. काचेमागे वीस-पंचवीस भांडी: कोबी, भेंडी, वांगं, टोफू, अंड्याचं काहीबाही, कोंबडीचे दोन-तीन प्रकार, मासा. बोटाने दाखवायचं, आंटी भातावर वाढत जाते आणि शेवटी ताटाकडे एक नजर टाकून आकडा सांगते. एक मांसाहारी, दोन भाज्या: चार, साडेचार. मासा घेतला की सहाच्या पुढे. तिचा हिशोब कोणत्या तत्त्वावर चालतो हे मला अजून उमगलेलं नाही. एकाच ताटाला सोमवारी 4.20 आणि गुरुवारी 4.50 दिलेत. वाद घालायला मँडरिन येत नाही, आणि तीस सेंटसाठी शिकणार नाही. वांगं घ्याच, तेलकट असतं, पण भातावर कालवून खायला आपल्या जिभेला लगेच पटतं.

शाकाहाऱ्यांनी इथून पुढे नीट वाचा. बायको अंडंही खात नाही. "नो मीट" म्हटलं तर बरेचदा एवढाच अर्थ घेतला जातो की मांसाचे तुकडे घालायचे नाहीत. दुसऱ्याच आठवड्यात एका स्टॉलवर तिने भाज्यांच्या नूडल्स मागितल्या. अर्ध्या खाऊन झाल्या आणि काट्याला बारीकसं गुलाबी काहीतरी लागलं. तिने ते माझ्यासमोर धरलं. मी बघताक्षणी ओळखलं, जवळा! तोंडातून "अगं, जवळा आहे" असं जरा जास्तच आनंदाने निघालं, त्याची किंमत आठवडाभर मोजली. सुकी कोळंबी आणि तिचं वाटण इथे आपल्या हिंगासारखं कुठेही असतं. सांबल या लाल चटणीत असतं, लाक्सा या नारळाच्या दुधातल्या नूडल्समध्ये असतं, पालेभाजी परततानाही पडतं. नूडल्स बऱ्याच ठिकाणी डुकराच्या चरबीत परततात, ते तर दिसतही नाही.

यावर उपाय दोन. पहिला म्हणजे चिनी बौद्ध शाकाहारी स्टॉल. पाटीवर 'सू' हे चिनी अक्षर असतं. त्याचा आकार बायकोने मोबाइलमध्ये फोटो काढून ठेवलाय, परक्या सेंटरवर गेलो की आधी ते शोधायचं. या स्टॉलांवर कांदा-लसूणही बहुधा नसतो, त्यामुळे तिचा चातुर्मास यंदा बसल्या जागी पार पडला. सकाळी मिळणाऱ्या त्यांच्या तांदळाच्या परतलेल्या शेवया, वर कोबी आणि सोयाच्या सायीचा तळलेला कुरकुरीत पापुद्रा, तीन-साडेतीन डॉलरला पोटभर. फक्त तिथे कोंबडी, बदक, डुकराचं मांस असं सगळं दिसेल आणि धक्का बसेल. ते गव्हाच्या चिकट सत्त्वाचं आणि सोयाचं असतं. तिला त्याचं रूपच सहन होत नाही. मला चव सहन होत नाही.

दुसरा उपाय टेक्का सेंटर, लिटिल इंडियात. या भागाचं जुनं मलय नाव 'कांदांग करबाऊ', म्हणजे म्हशींचा गोठा. पूर्वी इथे गुरांचा बाजार होता. रविवारी सकाळी आमची स्वारी तिथे. थोसाय (डोसा), वडे, आप्पे नव्हेत तर ते पातळ जाळीदार अप्पम, प्राटा. प्राट्याबरोबर न विचारता माशाची किंवा मटणाची करी येऊ शकते, तेव्हा "डाल ओन्ली" आधी सांगा. तिथल्याच बाजारात कढीपत्ता, ओलं खोबरं आणि मेथी मिळते. ती घेऊन घरमालकीणबाईंच्या नकळत काय होतं, ते इथे लिहीत नाही.

माझं स्वतःचं सगळ्यात मोठं सुख लाक्सा. नारळाचं दूध, त्यात सोड्यांचं वाटण, जाड तांदळाच्या नूडल्स, वर शिंपल्या. पहिला चमचा तोंडात गेला आणि आजीच्या घरातलं सोड्यांचं सांबारं समोर आलं. हळद कमी, गवती चहाचा वास जास्त, पण मूळ गाव एकच वाटतं. कातोंग या भागाच्या पद्धतीचा लाक्सा असेल तर नूडल्स आधीच कापलेल्या असतात आणि नुसत्या चमच्याने खातात. चॉपस्टिकशी अजून भांडण असलेल्या माझ्यासारख्याला ही मोठी सवलत.

दोघांनाही चालणारी गोष्ट म्हणजे पुटू पिरिंग. मलय लोकांचा पदार्थ. तांदळाचं पीठ छोट्या साच्यात भरतात, मधे माडाचा गूळ, वरून पुन्हा पीठ, आणि तिथल्या तिथे वाफवून ओल्या खोबऱ्याबरोबर देतात. फोडलं की आतून काळा पाक ओघळतो. बायको पहिल्यांदा खाऊन म्हणाली, "हा तर मोदक आहे, फक्त कळ्या पाडायचा कंटाळा केलाय." खोबऱ्यात किंचित मीठ असतं, ते तेवढं गैर आहे असं तिचं म्हणणं. मला बरोबर वाटतं.

आता त्रास. उकाडा आहेच. दुपारी एक वाजता गरम सूप पिऊन ऑफिसात परतलात तर शर्ट बदलावासा वाटतो, आणि तळणाचा वास दिवसभर अंगाला राहतो. साळुंक्या भयंकर धीट आहेत; माझ्या ताटातला चिकनचा तुकडा एकीने मी पाणी पीत असताना नेलाय. खाऊन झाल्यावर ट्रे स्वतः रॅकवर नेऊन ठेवायचा. 2021 च्या सप्टेंबरपासून हॉकर सेंटरवर त्याची सक्ती आहे, पहिल्यांदा समज देतात आणि दुसऱ्या वेळी 300 डॉलर दंड होऊ शकतो. हलाल आणि इतर भांड्यांचे रॅक वेगळे असतात, तेवढं बघून ठेवा. भाज्या कमी, मीठ आणि तेल जास्त. माझं वजन तीन किलोने वाढलंय आणि त्यातला एक किलो नक्कीच चहातल्या साखरेचा आहे.

सगळ्यात मोठी गैरसोय वेळेची. स्टॉलची सुट्टी ज्याच्या त्याच्या मर्जीवर. बरेच सोमवारी बंद, काही दुपारी दोनलाच शटर ओढतात, माल संपला तर त्याआधीही. मधूनमधून साफसफाईसाठी अख्खं सेंटर बंद असतं, त्याची नोटीस खांबावर लागते आणि ती आम्ही कधीच वाचत नाही. चिनी नववर्षाला तर पाच दिवस शुकशुकाट होता. आम्ही ब्रेड, जाम आणि उकडलेले बटाटे खाऊन काढले.

तक्रार करताना जीभ थोडी अडखळते, कारण अंकल पहाटे चारला येतात. गुडघ्याला पट्टा असतो. मुलगा बँकेत आहे, तो हे चालवणार नाही. जुन्या पिढीतल्या हॉकरांना सवलतीचं भाडं आहे, नव्याने येणाऱ्याला गाळा बोली लावून घ्यावा लागतो. म्हणजे 1.60 ला मिळणाऱ्या माझ्या चहात जुनं भाडं आणि अंकलचं उभं राहणं, दोन्ही धरलेलं आहे. ते गेल्यावर त्या गाळ्यात हाच भाव राहील असं मला वाटत नाही.

गुण द्यायचेच तर मी पाचापैकी साडेचार देईन, बायको तीन. ती म्हणते, जवळ्याचा एक आणि साळुंकीचा एक कापला.

डिसेंबरात आईबाबा येतायत. बाबांना लाक्सा, आईला पुटू पिरिंग, असं ठरवलंय. मोदकासारखं असतं हे मी फोनवर बोलून गेलो, तर आईने पहिला प्रश्न विचारला, "वर तूप देतात का रे?" नाही म्हटलं. काल कळलं, तुपाची छोटी बरणी बॅगेत भरून झालीसुद्धा.